उन्हात ठेवलेले सेल

आमच्या घरात एके काळी चार रिमोट होते आणि चारही कायम हरवलेले असायचे. एक टीव्हीचा, एक सेट-टॉप बॉक्सचा, एक म्युझिक सिस्टीमचा आणि एक नव्या पंख्याचा. पंख्याला रिमोट लागतो हे मला अजूनही पटलेलं नाही. भिंतीवर बटण आहे, माणसाला पाय आहेत. पण पंखा आला तोच रिमोट घेऊन, आणि मग सोफ्याच्या फटीत हात घालून शोधायच्या वस्तूंमध्ये एकाची भर पडली.

शनिवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच राहतो, मी आणि बाबा. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि निवृत्त झाले. शाळेतली मुलं मला टरकून असायची, असं ती मोठी झाल्यावर भेटली की सांगतात. मला त्यात काही वाईट वाटत नाही. नाकावर राग असतो माझ्या, हे खरंच आहे. चूक दिसली की मी बोलते. फक्त ती माझी स्वतःची असली की माझी दातखीळ बसते, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

बाबा टेलिफोन खात्यात मेकॅनिक होते. आता एक्याऐंशीचे आहेत. अंगाने काटक, बोलायला कमी, आणि वायर दिसली की हात पुढे करणारे. तीन-चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणजे माझा चेहरा बघायचा तर त्यांना माझ्या कानाकडे बघावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं, की हे हळूहळू वाढत जाणार. बाबांनी मान हलवली आणि घरी येताना रिक्षा बुधवार पेठेकडे वळवायला लावली. मला वाटलं चष्मा बघायचा असेल. त्यांनी घेतला तो प्रोग्रॅमेबल रिमोट, सगळ्या वस्तूंना मिळून एकच.

"आत्ता थोडं दिसतंय तोवर भरून ठेवतो," ते म्हणाले. "मग हाताला सवय होईल."

ते भरण्याचं काम चार दिवस चाललं. त्या रिमोटला कारखान्यातून येताना काहीतरी ठरावीक शिकवून पाठवलेलं असतं. कुठल्या तरी एका टीव्हीचा कोड, बटणांचा ठरलेला क्रम. ते आपल्याला चाललं तर ठीक, नाहीतर आपण आपलं भरायचं. सेटअपचं बटण दाबून धरायचं, लाल दिवा दोनदा लुकलुकला की कुठली वस्तू ते सांगायचं, मग पुस्तिकेतला चार आकडी कोड. जुळला तर दिवा पुन्हा दोनदा लुकलुकतो. नाही जुळला तर एकदाच लांबलचक पेटून विझतो. मी कोड वाचायची, बाबा दाबायचे, मी दिवा बघायची आणि "नाही", "नाही", "झालं" असं सांगायची. आमची म्युझिक सिस्टीम इतकी जुनी, की तिचा कोड पुस्तिकेत कुठेच नव्हता. मग जेवणाच्या टेबलावर जुना आणि नवा रिमोट दोन बोटांच्या अंतरावर समोरासमोर ठेवून, जुन्याचं एकेक बटण दाबून नव्याला शिकवलं. बाबा त्या दिवशी फार खुशीत होते. शिकवणी लावलीय म्हणाले.

बटणांचा कारखान्यातला क्रम त्यांनी पार मोडून टाकला. वरच्या ओळीत त्यांना लागणाऱ्या गोष्टी आल्या. एका बटणात त्यांनी चार कामं ओवली होती: दाबलं की टीव्ही लागायचा, बॉक्स लागायचा, बातम्यांचा चॅनेल यायचा आणि आवाज त्यांना हवा तेवढा व्हायचा. दुसऱ्यावर क्रिकेट. तिसऱ्यावर शेतीविषयक कार्यक्रम. आमच्याकडे कुंडीतल्या कोरफडीपलीकडे शेती नाही, पण बाबा तो न चुकता ऐकतात. मग पंखा, मग म्युझिक सिस्टीम. आणि कुठलं काय हे बोटांना कळावं म्हणून त्यांनी बटणांवर धान्य चिकटवलं. पहिल्यावर तुरीच्या डाळीचा दाणा, पंख्यावर तांदूळ, म्युझिक सिस्टीमवर मसूर. वरून माझं नेलपॉलिश. पहिल्या खेपेला साबुदाणा लावला होता, त्याला मुंग्या आल्या.

"हे सगळं एका कागदावर लिहून ठेवू या," मी म्हटलं होतं.

"कशाला? डोक्यात आहे."

यावर मी वाद घातला नाही, कारण डोक्यात असणं ही बाबांच्या दृष्टीने काय चीज आहे हे मला माहीत होतं. त्यांचे मोठे भाऊ, माझे काका, शेवटची तीन वर्षं आमच्याकडेच होते. त्यांना विसरण्याचा आजार झाला होता. सुरुवात अगदी किरकोळ झाली. मनगटावरच्या घड्याळाला किल्ली द्यायची कशी, हेच त्यांना एक दिवस आठवेना. शेवटी शेवटी ते बाबांकडे बघून "आपण कोण?" असं विचारायचे. आपण म्हणून, अगदी आदराने. बाबा दर वेळी आपलं नाव सांगायचे आणि मग आंघोळीचं पाणी काढायला जायचे. काका गेल्यावर बाबांनी स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. दाढी करताना ते एक्स्चेंजमधले जुने टेलिफोन नंबर म्हणतात, पाच आकडी होते तेव्हाचे. सकाळची वंदना तर त्यांना लहानपणापासून पाठ आहे. आमच्या विहारात रविवारी वंदना तेच घेतात. म्हणजे एक ओळ ते म्हणतात आणि मागून सगळा हॉल म्हणतो. माझ्या आठवणीत ही जागा दुसऱ्या कुणाची कधी नव्हती.

एकदाच ते मला म्हणाले होते, "डोळ्यांचं काही नाही गं. डोकं जायला नको."

पुस्तिकेत शेवटच्या पानावर एक सूचना होती. मीच ती इंग्रजीतून मराठी करून मोठ्याने वाचली होती. सेल बदलताना दहा मिनिटांच्या आत नवे घालावेत, नाहीतर साठवलेली सगळी मेमरी पुसली जाऊन रिमोट मूळ स्थितीत येईल. बाबा सेल बदलायचे ते म्हणूनच झटपट. नवे दोन डाव्या मुठीत तयार ठेवायचे, उजव्या हाताने जुने काढायचे, की झालंच.

एप्रिलमध्ये एका मंगळवारी सकाळी तो रिमोट मंद झाला. दोनदा-तीनदा दाबावं लागत होतं. बाबा आंघोळीला गेले होते. घरात नवे सेल नव्हते आणि तीन मजले उतरून जायचा मला कंटाळा आला. मग मी तेच केलं जे माझी आई ट्रान्झिस्टरच्या सेलचं करायची. ते दोन्ही काढले आणि गॅलरीत मिरच्या वाळत घातल्या होत्या त्या ताटात उन्हात ठेवले. उन्हात तापवलेले सेल आणखी आठ-पंधरा दिवस चालतात, हे आमच्या घरचं पिढीजात शास्त्र आहे. गणित शिकवणाऱ्या बाईने हे करू नये, पण मी केलं. त्या वेळी मला ती सूचना आठवलीसुद्धा नाही. स्वयंपाक केला, आम्ही जेवलो, बाबा त्यांच्या खोलीत आडवे झाले. तीनच्या सुमाराला मिरच्या हलवायला गेले तेव्हा ताटात सेल दिसले. चटका बसेल इतके तापले होते. पदरात धरून आणले, रिमोटमध्ये घातले, लाल बटण दाबून बघितलं. टीव्ही एका झटक्यात लागला. मी स्वतःवर खूश होऊन तो बंद केला आणि राहिलेल्या मिरच्या हलवायला गेले.

टीव्ही लागला याचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं. कारखान्यातून त्या रिमोटमध्ये जो टीव्ही भरलेला असतो, तो नेमका आमच्या कंपनीचा निघाला. बाकी आत काही उरलं नव्हतं.

चार वाजता बाबा हॉलमध्ये येऊन त्यांच्या खुर्चीत बसले. मी स्वयंपाकघरात दारालगतच्या ओट्यावर चहा गाळत होते. त्यांनी तुरीच्या डाळीचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग खालचं लाल बटण चाचपून दाबलं, टीव्ही लागला, निळा पडदा आणि त्यावर सिग्नल नसल्याची पाटी. बाबांना ती पाटी वाचता येत नाही, पण आवाज येत नव्हता हे कळत होतं. त्यांनी क्रिकेटचं दाबलं, शेतीचं दाबलं. पंख्याचं दाबलं तर टीव्हीचा आवाज वाढल्याची पट्टी पडद्यावर आली. त्यांचा अंगठा बटणांवरून हळूहळू फिरत होता आणि ते पुटपुटत होते, "तूर. तांदूळ. मसूर."

आणि ती शेवटच्या पानावरची ओळ मला ऐकू आली. माझ्याच आवाजात.

"अगं," बाबा म्हणाले, "तांदूळ म्हणजे पंखाच ना?"

इथे मला सांगायचं होतं, बाबा, माझ्या हातून घोळ झाला. एवढं एक वाक्य. ते ओठांवर आलंही असेल. पण बाहेर आलं ते असं: "हो, पंखाच. नीट दाबा की जरा. चुकीचं बटण दाबत असाल."

शाळेत फळ्यासमोर गोंधळलेल्या मुलाला मी ज्या आवाजात बोलायची, अगदी त्याच आवाजात.

"लाल तर चालतंय," बाबा म्हणाले. "म्हणजे रिमोट चालू आहे." मग थोडं थांबून, स्वतःशीच, "मग माझंच."

मी चहा नेऊन दिला. त्यांनी रिमोट मांडीवर उपडा ठेवला होता. मी मनाशी ठरवून टाकलं, की उद्या सकाळी गुपचूप बुधवार पेठेत जाऊन हा रिमोट आधीसारखा करून आणायचा आणि विषय संपवायचा. त्यांना कळायचंही नाही. किती हुशार योजना वाटली मला ती! त्या संध्याकाळी बाबांनी टीव्ही लावायला सांगितला नाही. मी जुने रिमोट डब्यातून काढून लावून देते म्हटलं, तर "राहू दे" म्हणाले. गॅलरीत उभे राहून ते हलक्या आवाजात टेलिफोन नंबर म्हणत होते. एक नंबर त्यांनी तीनदा म्हटला, तिन्ही वेळा शेवटचा आकडा वेगळा. मी आत कणीक मळत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं.

बुधवारी सकाळी नेहमीप्रमाणे त्यांनी मेणबत्ती लावली आणि वंदना सुरू केली. मी ओट्याशी होते. त्रिसरण झालं. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. आणि बाबा थांबले.

मला वाटलं खोकला आला असेल. ते पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले. तिसरं झालं आणि पुन्हा थांबले.

चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. मला ते चार वर्षांची असल्यापासून येतं, त्यांनीच शिकवलंय. मी दारात जाऊन पहिला शब्द उच्चारला असता तर पुढचं त्यांच्या तोंडून आपोआप आलं असतं. पण तो शब्द त्या सकाळी मला म्हणताच येईना. मी हातातलं लाटणं धरून तशीच उभी राहिले. मला स्वतःची इतकी लाज यापूर्वी वाटलेली आठवत नाही. थोड्या वेळाने बाबांनी मेणबत्ती विझवली. वंदना पुरी न करता ते उठले, हेही मी पहिल्यांदाच पाहिलं.

पोळी खाताना ते म्हणाले, "कालपासून मी काही वेगळं बोलतोय का? एकच गोष्ट दोनदा वगैरे?"

"काहीतरीच काय बाबा."

"काकांचं असंच सुरू झालं होतं. रोज हातात असलेल्या वस्तूपासूनच." त्यांनी ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं. "तेव्हा मी त्यांच्यावर ओरडायचो. नीट कर म्हणायचो."

तेव्हासुद्धा मी बोलले नाही. आज लिहिताना मला हेच सगळ्यात जास्त खुपतं. पहिल्या वेळी तोंडातून निसटलं असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळी मी पूर्ण भानावर होते, समोर पोळीचा घास धरून बसलेला माझा बाप होता आणि मी म्हटलं, "मी जरा बाजारातून येते."

रिमोट पिशवीत घालून मी चालतच बुधवार पेठेत गेले. ते दुकान अरुंद आहे, आत एक साठीचे गृहस्थ वर्तमानपत्र पसरून बसलेले असतात आणि गिऱ्हाईक आलं की त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम नाराजी उमटते. मी रिमोट काचेवर ठेवला.

"बोला."

"याची मेमरी गेलीय बहुतेक."

त्यांनी मागचं झाकण काढलं, सेल तळहातावर घेतले. एका सेलचं वेष्टन सुटून वर आलं होतं. त्यांनी ते नखाने हलवून पाहिलं.

"उन्हात ठेवले होते?"

मी पिशवीची घडी घालायला लागले.

"किती वेळ?"

"अकरा ते तीन."

"बाई," ते म्हणाले, "कुरडया ठेवायच्या उन्हात." आणि खालच्या खणातून नवे सेल काढले.

त्यांनी दोन-तीन बटणं दाबून पाहिली. आत काही नाही, कारखान्यातून आला तसा झालाय, म्हणाले. टीव्ही तेवढा योगायोगाने चालतोय. मी विचारलं, आधी होतं तसं करून द्याल का? त्यांनी रिमोट उजेडाकडे धरला. तूर, तांदूळ, मसूर, आणि वरून वाळलेलं गुलाबी नेलपॉलिश. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर कुतूहल दिसलं.

"हे कुणी केलं?"

"वडिलांनी. त्यांना दिसत नाही नीट."

"कोड मी आत्ता भरून देईन हो. पण डाळीच्या बटणात काय होतं, या कोपऱ्यातल्या बटणात काय होतं, हे मला कसं कळणार? ज्यांनी भरलं त्यांनाच विचारा." त्यांनी रिमोट माझ्याकडे सरकवला. "त्यांना आठवत असेल की."

मी चारही वस्तू रोज वापरते. पण बाबांचा क्रम मला अर्धासुद्धा सांगता आला नसता. ज्या माणसाला मी कालपासून विसराळू ठरवत होते, त्याच्याशिवाय तो रिमोट कुणालाच भरता येणार नव्हता. मी "असेल" एवढंच म्हटलं आणि निघाले. वाटेत कुठेही थांबले नाही.

घरी आले तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते आणि त्यांचा बटणांचा साधा मोबाइल हातात होता.

"विहारात फोन केला," ते म्हणाले. "सचिवांशी बोललो. रविवारपासून वंदना दुसऱ्या कुणीतरी घ्यावी म्हटलं. मधेच अडखळलो तर मागे चाळीस माणसं खोळंबतात, बरं नाही ते. तब्येत बरी नाही असं सांगितलं. तूही तसंच सांग कुणी विचारलं तर."

त्यांच्या मोबाइलमध्ये एकही नंबर साठवलेला नाही, ते सगळे तोंडपाठ दाबतात. सचिवांचे दहा आकडे अंगठ्याने न चुकता दाबून त्यांनी कळवलं होतं, की आपली स्मरणशक्ती गेली. एरवी मला हसूही आलं असतं. मी चप्पलसुद्धा न काढता त्यांच्यासमोर खाली बसले आणि रडायला लागले. बाबा घाबरले. त्यांनी मान वाकडी केली आणि डोळ्यांच्या कडेने मला शोधलं.

"काय झालं? पडलीस का?"

"तुम्ही काही विसरला नाहीत," मी म्हटलं. "मी सेल काढून उन्हात ठेवले होते. रिमोटची मेमरी पुसली गेली. तुमचं बटण एकही चुकलं नव्हतं."

बाबा मेकॅनिकसारखं विचारू लागले. किती वाजता काढले? अकराला. घातले कधी? तीनला. मग लाल बटण कसं चाललं? मी दुकानदारांनी सांगितलेलं सांगितलं. बाबांनी एक दीर्घ श्वास सोडला, दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. माझाही जीव भांड्यात पडला. संपलं, असं वाटलं मला.

"म्हणजे तुला आत्ता दुकानात कळलं हे," बाबा म्हणाले.

किती सोपी वाट करून दिली होती त्यांनी मला! नुसतं "हो" म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "काल चार वाजताच कळलं. तुम्ही तांदळाचं विचारलंत त्याच्या आधी."

"आधी?"

"हो."

"आणि तू म्हणालीस, नीट दाबा."

"हो."

बाबा ओरडले नाहीत. ते माझ्यावर कधी ओरडलेले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यावरची नजर काढून खिडकीकडे वळवली. पंखा बंद होता. खालून भाजीवाल्याचा आवाज आला आणि गेला.

"काल रात्री मी पडल्या पडल्या ठरवत होतो," ते शेवटी म्हणाले, "की तुझं नाव विसरायची वेळ आली तर काय करायचं."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी सोडवून घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "ऊठ. ती पुस्तिका आण. जुने रिमोटही आण."

आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. या खेपेला दाबायचं काम माझं होतं. बाबांनी सांगायला सुरुवात केली. टीव्हीचा कोड, बॉक्सचा कोड. पुस्तिका उघडायच्या आधीच त्यांनी दोन्ही सांगितले, आणि मी पान काढून पाहिलं तर बरोबर होते. कुठल्या बटणात चार कामं ओवायची, त्यांचा क्रम काय, टीव्ही आणि बॉक्स यांच्यात किती वेळ सोडायचा, कारण बॉक्स उशिरा जागा होतो. म्युझिक सिस्टीमची सात बटणं शिकवायची, आठवं नाही, ते बिघडलेलं आहे. पंख्याचा वेग तीनच, त्यावरचा वारा त्यांना सोसत नाही. तीन वर्षांपूर्वी जे केलं होतं ते जसंच्या तसं, एकदाही न थांबता. मी दाबत होते, दिवा बघत होते, "झालं" म्हणत होते. एरवी मी "कळलं हो" म्हणून दोनदा तरी तडकले असते. त्या दिवशी मी प्रत्येक गोष्ट ऐकून घेतली. शेवटी त्यांनी तुरीच्या डाळीचं बटण दाबलं. टीव्ही लागला, बॉक्स लागला, बातम्या लागल्या, आवाज बरोबर तेवढाच. बाबांनी मान डोलावली आणि लगेच बंद केला.

"आता कागद घे," ते म्हणाले. "लिही सगळं."

लिहून झालं तेव्हा त्यांनी सचिवांचा नंबर लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "तू बोल."

मला वाटलं होतं, तब्येत बरी झाली एवढं सांगून भागेल. पण बाबा समोर बसून कान देऊन ऐकत होते. मी सचिवांना सेलपासून सगळं सांगितलं. उन्हाचंही सांगितलं, आणि माहीत असून मी गप्प बसले हेही सांगितलं. पलीकडून ते एकदा हसले आणि मग हसायचे थांबले. "बाबांना म्हणावं रविवारी या," एवढंच म्हणाले.

रविवारी विहारात बायकांच्या पहिल्या रांगेत मी बसले होते. बाबांनी वंदना सुरू केली, मागून हॉल म्हणत होता. पहिलं शील, दुसरं, तिसरं. हॉलचं म्हणून झालं आणि बाबा थांबले. माझ्या ओठांवर पुढचा शब्द आला होता, मी तो आवरला. मनात सातपर्यंत मोजलं तोवर त्यांचा आवाज आला आणि पुढे अगदी शेवटपर्यंत कुठे अडखळला नाही. कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. वय झालेल्या माणसाने मधे श्वास घेतला, एवढंच.

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "थांबलो होतो ना मी? चौथ्याच्या आधी?"

"हो."

"किती?"

"मी सात मोजले."

"मला जास्त वाटले." रिक्षा सिग्नलला उभी राहिली. बाबांनी मान वळवून माझ्या कानाकडे पाहिलं. "सातच ना? मला बरं वाटावं म्हणून कमी नाही ना सांगत?"

"नाही बाबा. सातच."

याआधी बाबा मला कुठलीही गोष्ट एकदाच विचारायचे. दार लावलं का, औषध कुठलं, आज वार कोणता. मी सांगितलं की त्यांच्यासाठी ते झालं. आता ते दोनदा विचारतात. विसरतात म्हणून नाही, ते मला माहीत आहे आणि त्यांनाही. मी दोन्ही वेळा नीट उत्तर देते.